घरचे यंत्र, हातची किल्ली

शेताला पाणी देणे हे काम वाटते तितके सोपे नाही. विहिरीवर विजेचा पंप बसला आणि मोट हाकण्याचे कष्ट वाचले, हे खरे; परंतु त्या कष्टांची जागा एका नव्या विवंचनेने घेतली. शेतीपंपांची वीज दिवसातून ठरावीक तासच मिळे, आणि तीही पाळीपाळीने. कधी दिवसा, तर कधी रात्री. धाराशिव जिल्ह्यात भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत कोठेही पाहा, घर गावात आणि विहीर रानात असाच प्रकार बहुधा आढळतो. रात्रीची पाळी असली की शेतकऱ्याने हाती बॅटरी व काठी घ्यावी, बांधाबांधाने चालत अंधारातून विहीर गाठावी आणि स्टार्टरचे बटण दाबावे. वाटेत साप-विंचवाचे भय. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. एवढे करून विहिरीवर पोहोचावे, तो वीज गेलेली असे! कित्येक शेतकऱ्यांची ही पायपीट अजूनही पुरती संपलेली नाही. विचार केला तर हा सारा खटाटोप कशासाठी? केवळ एक बटण दाबण्यासाठी.

बटण दाबावयास माणसाने विहिरीपर्यंत जाण्याऐवजी माणसाचा निरोपच बटणापर्यंत पोहोचविता आला तर? पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी हे करून दाखविले. पंपासाठी आपल्या आजोबांना करावी लागणारी यातायात त्यांनी लहानपणी पाहिली होती. त्यांनी सिद्ध केलेल्या उपकरणाचे नाव ‘नॅनो गणेश’. २००९ साली नोकिया कंपनीने नव्या कल्पनांसाठी घेतलेल्या जागतिक स्पर्धेत या उपकरणाचा गौरव झाला. त्याची रचना मोठी सुबोध आहे. पंपाच्या स्टार्टरला एक पेटी जोडलेली असते आणि त्या पेटीशी एक मोबाईल जोडलेला असतो. शेतकरी घरून त्या मोबाईलला फोन लावतो व ठरलेले आकडे दाबतो. पेटी ते आकडे ओळखते आणि पंप सुरू करते किंवा बंद करते. विहिरीवर वीज आहे की नाही, हेही शेतकऱ्याला घरबसल्या कळते. आता तर निरनिराळ्या बनावटींचे मोबाईल स्टार्टर बाजारात मिळतात व खेडोपाडी त्यांचा वापर होतो.

या साध्या उदाहरणात एक महत्त्वाचे तत्त्व सामावलेले आहे. दूरचे यंत्र दुरून चालवावयाचे, तर तीन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे आज्ञा. आपली इच्छा यंत्राला समजेल अशा भाषेत त्याच्यापर्यंत गेली पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे वार्ता. आज्ञेप्रमाणे काम झाले की नाही, हे यंत्राने आपल्याला उलट कळविले पाहिजे. विहिरीला पाणी नसताना पंप नुसताच फिरत राहिला तर मोटार जळून जाईल. म्हणून वार्तेवाचून दिलेली आज्ञा ही आंधळी आज्ञा होय. तिसरी गोष्ट म्हणजे ओळख. आज्ञा देणारा मालकच आहे, परका नव्हे, याची खात्री यंत्राला पटली पाहिजे. आज्ञा, वार्ता आणि ओळख या तीन पायांवरच दूरनियंत्रणाची सारी विद्या उभी आहे. पंपाला कळणारे शब्द दोनच, ‘चालू’ आणि ‘बंद’. परंतु ज्या यंत्राला हजारो प्रकारच्या आज्ञा कळतात, ते यंत्र दुरून कसे चालवावे? असे यंत्र आज अनेक घरांत आहे. ते म्हणजे संगणक.

समजा, धाराशिव येथील एक वकील कामानिमित्त तुळजापूरच्या न्यायालयात गेले आहेत. तेथे पोहोचल्यावर त्यांच्या ध्यानात येते, की आदल्या रात्री तयार केलेला अर्जाचा मसुदा घरच्या संगणकातच राहिला. दोन्ही गावांत अंतर सुमारे वीस किलोमीटरांचे. जाऊन यावे तर अर्धा दिवस मोडणार. वकीलसाहेब खिशातून मोबाईल काढतात, त्यातील एक प्रोग्रॅम उघडतात, पासवर्ड देतात. आणि पाहता पाहता घरच्या संगणकाचा पडदा त्यांच्या तळहातावर प्रकट होतो. ते बोटाने मसुदा उघडतात, दोन शब्द दुरुस्त करतात आणि कारकुनाकडे पाठवून देतात. त्या वेळी घरात कोणीही नाही, संगणकापुढची खुर्ची रिकामी आहे. तरीही पडद्यावरचा बाण आपोआप सरकतो आहे व अक्षरे उमटत आहेत! जुन्या काळच्या एखाद्या माणसाला ही भानामतीच वाटली असती. परंतु यात अद्भुत असे काहीच नाही. कार्यकारणभाव समजून घेतला, की चमत्कार उरत नाही. उरते ते मानवी बुद्धीचे कौतुक.

दूरच्या गणकयंत्राकडून काम करवून घेण्याची कल्पना मोबाईलपेक्षा कितीतरी जुनी आहे. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत जॉर्ज स्टिबिट्झ नावाचे गणितज्ञ होते. टेलिफोनच्या जाळ्यात ‘रिले’ नावाचे विजेवर उघडझाप करणारे खटके वापरीत असत. हेच खटके बेरीजही करू शकतील, हे ओळखून स्टिबिट्झ यांनी १९३७ साली आपल्या स्वयंपाकघरातील टेबलावर एक लहानसे यंत्र जुळविले. पुढे प्रयोगशाळेने त्याच तत्त्वावर एक मोठे गणकयंत्र न्यूयॉर्क येथे उभारले. ११ सप्टेंबर १९४० रोजी हॅनोव्हर या गावी डार्टमथ महाविद्यालयात गणितज्ञांची परिषद भरली होती. तेथे स्टिबिट्झ यांनी टंकयंत्रासारख्या एका उपकरणावर गणित टंकलिखित केले. ते टेलिफोनच्या तारेवरून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या न्यूयॉर्कच्या यंत्राकडे गेले, तेथे सुटले आणि उत्तर त्याच तारेवरून परत येऊन कागदावर उमटले. यंत्र एका गावी आणि त्याचा उपयोग करणारा दुसऱ्या गावी, असे त्या दिवशी जगाने प्रथम पाहिले.

त्यानंतर एकोणतीस वर्षांनी आणखी एक पाऊल पुढे पडले. आज ज्याला आपण इंटरनेट म्हणतो, त्याचा पूर्वज अमेरिकेत तयार होत होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजलिस येथील विद्यापीठातून चार्ली क्लाइन नावाच्या विद्यार्थ्याने दूरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकात प्रवेश मिळविण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी त्याला ‘लॉगिन’ हा पाच इंग्रजी अक्षरांचा शब्द पाठवावयाचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली, आणि तिसऱ्याला पलीकडचा संगणक बंद पडला! सुमारे तासाभराने दुरुस्ती होऊन पूर्ण शब्द गेला. या जाळ्यावरून गेलेला पहिलाच निरोप म्हणजे दूरच्या संगणकाचे दार वाजविणे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. भारतात सर्वसामान्य नागरिकांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. प्रारंभी मोठ्या शहरांपुरती असलेली ही सोय आता मोबाईलच्या रूपाने बालाघाटाच्या डोंगररांगांतील वाड्यावस्त्यांपर्यंत आली आहे.

आता वकिलांच्या संगणकाकडे वळू. त्यांच्या घरच्या संगणकात एक प्रोग्रॅम सदैव जागा असतो. त्याला आपण घरचा कारभारी म्हणू. मोबाईलमध्ये त्याचाच जोडीदार असतो. त्याला जासूद म्हणू. वकिलांनी मोबाईलच्या काचेवर बोट टेकविले, की ‘पडद्याच्या अमुक जागी बोट टेकले’ एवढाच निरोप जासूद धाडतो. कारभारी तो निरोप संगणकाला अशा रीतीने सांगतो, की जणू कोणी समोर बसून माऊसच दाबला आहे. संगणक मुकाट्याने काम करतो आणि त्याचा पडदा बदलतो. बदललेल्या पडद्याचे चित्र कारभारी परत धाडतो व ते मोबाईलवर दिसते. म्हणजे मसुदा मोबाईलमध्ये आलेला नसतो. तो घरीच असतो. दिसते ते त्याचे केवळ प्रतिबिंब. आरशातील दिवा हा जसा दिवा नव्हे, तसेच हे होय. या रीतीने जाते ती आज्ञा व येते ती वार्ता.

वार्ता पाठविण्याचे काम आज्ञेपेक्षा फार जड आहे. संगणकाचा पडदा असंख्य ठिपक्यांचा बनलेला असतो. एका ओळीत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी असा पडदा आज सर्रास आढळतो. गुणाकार करून पाहा. ठिपके वीस लाखांहून अधिक होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास तीन बाइट लागतात, असे धरले तर एका चित्राला सुमारे बासष्ट लाख बाइट लागतील. चित्र हलते दिसावे म्हणून सेकंदाला तीस चित्रे पाठवू म्हटले, तर दर सेकंदाला अठरा कोटींहून अधिक बाइट पाठवावे लागतील. खेड्यातील मोबाईलच्या जाळ्याला एवढा भार पेलणार नाही. म्हणून कारभारी एक युक्ती करतो. तो सारे चित्र पुन्हा पुन्हा पाठवीत नाही. जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवितो, आणि तोही दाबून लहान करून. वकिलांनी एक अक्षर बदलले, तर त्या अक्षराभोवतीचे थोडे ठिपके तेवढे प्रवासाला निघतात. इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात अशा प्रकारची एक पद्धत तयार झाली आणि ती सर्वांना विनामूल्य खुली करण्यात आली. पुढे तिचा फार प्रसार झाला.

परंतु निरोप योग्य घरी पोहोचावा कसा? पत्रावर जसा पत्ता, तसा इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला आकड्यांचा पत्ता असतो. जुन्या पद्धतीने असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. जगातील संगणक व मोबाईल यांच्या संख्येपुढे ते अपुरे पडले. म्हणून एका पत्त्याआड अनेक यंत्रे राहू लागली. जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. वाड्याला दरवाजा एक. आत बिऱ्हाडे अनेक. देवडीवर पहारेकरी बसलेला. आतील माणसाने बाहेर पत्र पाठविले व त्याचे उत्तर आले, तर पहारेकरी ते नेमके त्याच्या हाती देतो. पण कोणी अनोळखी माणूस आगाऊ सूचना न देता दारात उभा राहिला, तर पहारेकरी त्याला माघारी धाडतो. घरातील राउटर हा असाच पहारेकरी आहे. मग बाहेर गेलेल्या मालकाने तरी आत कसे यावे? यावरचा तोडगा असा, की घरचा कारभारी स्वतःच आधी बाहेर निरोप पाठवितो आणि दूरच्या एका मध्यस्थ सर्व्हरशी संधान बांधून ठेवतो. जासूद त्याच मध्यस्थाकडे येतो. मध्यस्थ दोघांची गाठ घालून देतो. आतून उघडलेल्या वाटेनेच उत्तर येत असल्यामुळे पहारेकऱ्याला हरकत घेण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक अडचण आपल्या भागात विशेष जाणवते. ती म्हणजे विजेची. वीज गेली व संगणक बंद पडला, तर त्याला कितीही हाका मारल्या तरी उपयोग नाही. कित्येक संगणकांत वीज परत येताच आपोआप सुरू होण्याची सोय असते. ती आधी लावून ठेवावी लागते. संगणक झोपविलेला असला, तर मात्र त्याला दुरून जागे करता येते. त्याचा जाळ्याशी जोडलेला भाग अगदी थोड्या विजेवर जागा राहू शकतो. सारे घर झोपले तरी एका कानाने जागे असलेल्या राखणदारासारखा तो एका विशिष्ट निरोपाची वाट पाहतो आणि तो येताच संगणकाला उठवितो. यावरून दिसेल, की दुरून चालणाऱ्या यंत्राची पूर्वतयारी जवळ असतानाच करावी लागते. घर सोडताना जे योजिले नाही, ते वाटेत आठवून फारसे साधत नाही.

आज्ञा व वार्ता यांच्या प्रवासाला वेळही लागतो. काचतंतूंतून प्रकाश दर सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तुळजापूरहून निघालेला निरोप कित्येकदा दूरच्या शहरातील यंत्रांना वळसा घालून धाराशिवला येतो. तरी आपल्याला जाणवतो तो डोळा लवण्याइतकाच विलंब. पुणे जिल्ह्यात खोडद येथे रेडिओ लहरींनी आकाशाचा वेध घेणारी जी प्रचंड दुर्बीण आहे, तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात पसरलेल्या आहेत. आणि त्या सर्व एका नियंत्रणकक्षातून, काचतंतूंच्या जोडणीने, हव्या त्या दिशेला वळविता येतात. परंतु अंतर खरोखर अफाट असले म्हणजे काय होते? १९७७ साली अमेरिकेने सोडलेले व्हॉयेजर १ हे यान मानवाने पाठविलेल्या वस्तूंपैकी सर्वांत दूर गेले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या संगणकातील स्मृतीचा एक लहानसा भाग निकामी झाला आणि यान निरर्थक आकडे धाडू लागले. तेव्हा ते पृथ्वीपासून सुमारे २४०० कोटी किलोमीटर दूर होते. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या आज्ञेलाही तेथे पोहोचण्यास साडेबावीस तास लागत. अभियंत्यांनी पृथ्वीवर बसून बिघाडाचे स्थान शोधले, तेथील सूचना स्मृतीच्या दुसऱ्या भागांत हलविण्याची आज्ञा धाडली आणि उत्तराची वाट पाहिली. दोन दिवसांनी, २० एप्रिल २०२४ रोजी, यानाची प्रकृती सांगणारी सुसंगत वार्ता परत आली. जेथे हात पोहोचत नाही, तेथेही नीट विचार करून दिलेली आज्ञा पोहोचते, हे या उदाहरणावरून कळते.

तथापि दुरून सर्वच कामे होतात, असे मात्र नव्हे. दुरून पंप सुरू होईल. पण फुटलेला दंड दुरून बांधता येणार नाही. घरचा मसुदा दुरून दुरुस्त होईल; पण छपाईयंत्रात अडकलेला कागद कोणी तरी हातानेच काढला पाहिजे. यंत्राला मर्यादा आहेत, हे ओळखून त्याचा उपयोग करणारा मनुष्यच शहाणा.

आता राहिली तिसरी गोष्ट, ओळख. तिन्हींत ही सर्वांत नाजूक आहे. घरी आलेल्या पाहुण्याला आपण चेहऱ्यावरून, आवाजावरून ओळखतो. दूरच्या संगणकापाशी मात्र आपला जन्मभराचा परिचय कामी येत नाही. त्याला केवळ खूण कळते. ज्याने बरोबर पासवर्ड दिला तो मालक, एवढेच तो जाणतो. हा पासवर्ड वाटेतच कोणी चोरला तर? फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठात १९९५ साली असेच घडले. जाळ्यावरून उघड्या अक्षरांत जाणारे पासवर्ड चोरांनी टिपून घेतले. त्यावर तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी सारा संवाद कुलुपात घालून पाठविणारी एक पद्धत निर्माण केली. ती आजही जगभर प्रचलित आहे. परंतु दूर राहणाऱ्या दोघांजवळ कुलपाची किल्ली आधी पोहोचणार कशी? या कोड्याचा मार्ग व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनी १९७६ साली दाखविला होता. त्यातील कल्पना अशी समजावून घेता येईल. मला तुमच्याकडून गुप्त निरोप हवा असेल, तर मी तुमच्याकडे एक उघडे कुलूप पाठवितो आणि किल्ली माझ्याजवळ ठेवतो. तुम्ही निरोप पेटीत घालता व कुलूप दाबून पेटी धाडता. वाटेत ती कोणाच्याही हाती पडो. उघडणार ती माझ्याच किल्लीने. किल्लीला प्रवासच करावा लागत नाही. प्रत्यक्षात हे कुलूप लोखंडाचे नसून गणिताचे असते, एवढाच फरक.

गणिताचे कुलूप बळकट असते. फुटतो तो बहुधा माणसाचा सावधपणा. हल्लीचे चोर भिंत फोडण्याच्या भरीस पडत नाहीत. ते मालकाकडूनच दार उघडून घेतात. दूरवरून फोन येतो. बोलणारा स्वतःला बँकेचा किंवा वीज कार्यालयाचा माणूस म्हणवितो. ‘तुमचे खाते बंद पडणार आहे,’ ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल,’ अशी भीती घालतो. आणि साहाय्याच्या मिषाने मोबाईलमध्ये दूरनियंत्रणाचा एक प्रोग्रॅम घेण्यास सांगतो. मग तो म्हणतो, ‘पडद्यावर जे आकडे दिसतात, ते तेवढे वाचून दाखवा.’ भोळा मनुष्य आकडे वाचून दाखवितो. ते आकडे म्हणजेच किल्ली! त्या क्षणापासून मोबाईलचा पडदा चोराच्या पडद्यावर उमटतो. बँकेचा संदेश, त्यातील गुप्त अंक, सारे त्याला दिसते. कांदा-सोयाबीन विकून आलेली किंवा मुलीच्या लग्नासाठी पै पै करून जमविलेली रक्कम घटकाभरात नाहीशी होते. वकिलांच्या सोयीचे जे साधन, तेच येथे चोराचे साधन ठरले. रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच या प्रकाराविषयी इशारा दिला होता. यात दोष साधनाचा नव्हे. विळ्याने कणीसही कापले जाते आणि हातही. ते विळा कोणाच्या हाती आहे व तो धरणाऱ्याचे लक्ष कोठे आहे, यावर अवलंबून असते.

म्हणून काही नियम पक्के ध्यानात ठेवावेत. दूरनियंत्रणाचा प्रोग्रॅम आपण होऊन, गरजेपुरता आणि जाणत्या माणसाच्या सल्ल्यानेच घ्यावा. फोनवरील अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कधीही घेऊ नये. पासवर्ड लांब असावा; गावाचे नाव किंवा जन्मतारीख यांसारखा सहज ओळखता येणारा नसावा, आणि एकच पासवर्ड सर्वत्र वापरू नये. पासवर्डाखेरीज दुसरी खूण मागण्याची सोय असल्यास ती लावावी. दाराला कुलूप असले तरी आपण आतून कडी घालतोच ना? काम संपताच जोडणी बंद करावी. मोबाईल हरवला तर घरची किल्ली हरवली असे समजून त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. आणि एवढे करूनही फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे व आपल्या बँकेलाही सांगावे. जितका विलंब कमी, तितकी गेलेली रक्कम अडविण्याची आशा अधिक.

विद्यार्थ्यांनो, यात तुमच्यावर एक विशेष जबाबदारी आहे. पुष्कळ घरांत आजी-आजोबांना आणि आई-वडिलांनाही मोबाईलमधील खाचाखोचा तुमच्याइतक्या अवगत नसतात. ते विश्वासाने यंत्र तुमच्या हाती देतात. शेजारचे काका पासवर्डही सांगून टाकतात व म्हणतात, ‘एवढे जरा पाहा रे.’ तुमच्या हाती अशी किल्ली आली, तर सांगितलेले काम करावे आणि किल्ली परत करावी. दुसऱ्याच्या संगणकात त्याच्या परवानगीवाचून शिरणे, मग ते थट्टेने असो वा कुतूहलाने, हे भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार दंडास पात्र ठरते. परंतु कायद्याचे भय नसते तरी ते अनुचितच ठरले असते. शेजाऱ्याच्या दाराला कुलूप नाही, म्हणून आपण त्याच्या माजघरात जाऊन पेट्या उघडीत नाही.

विज्ञानाने अंतर जिंकले आहे. स्वयंपाकघरातील टेबलावर जुळविलेल्या खटक्यांपासून झालेली सुरुवात आज ग्रहांच्या कक्षांपलीकडे जाऊन पोहोचली आहे. आपली आज्ञा आता कोसांच्या हिशेबाने अडत नाही आणि वार्ताही क्षणात परत येते. या दोन गोष्टी यंत्रांवर सोपवून आपण निश्चिंत होऊ शकतो. तिसरी गोष्ट मात्र यंत्राला आपल्यासाठी करता येत नाही. कोणाला दार उघडावे आणि कोणाला उघडू नये, हा विवेक मालकाचाच असतो. घर कितीही दूर असो, त्याची किल्ली आपल्या हाती आहे; ती सांभाळण्याचे कामही आपल्याच हाती आहे.